जुनं पुणं कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत म्हणून

शनिवारवाडा बघून आलेले पाहुणे चहा पिता पिता एक प्रश्न हमखास टाकतात: "वाडा झाला, पण खरं जुनं पुणं कुठे आहे हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसतं "कसबा पेठेत जा" म्हणून पाठवलेली माणसं तासाभरात परत येतात आणि "तिथे तर काहीच नाही" म्हणतात.

त्यांचंही अगदीच चुकत नाही. कसबा ही पुण्याची सगळ्यात जुनी पेठ. पेठ कसली, मूळ गावच ते. बाकीच्या पेठा नंतर तिच्याभोवती वसत गेल्या. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पुनकविषय' असा या मुलखाचा उल्लेख येतो. शनिवारवाड्याचा पाया घातला १७३० साली, म्हणजे कसब्याच्या हिशेबाने तो परवाचा पाहुणा. तरीही कसब्यात हात लावून बघावं असं जुनं बांधकाम फार थोडं उरलंय. हे गाव पुन्हा पुन्हा मोडलं आणि पुन्हा पुन्हा बसलं.

सगळ्यात मोठी मोडतोड आदिलशाही सरदार मुरार जगदेवाची. १६३०च्या सुमारास त्याने शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं, गाढवांचा नांगर फिरवला आणि इथे पुन्हा वस्ती करू नये म्हणून पहार ठोकून ठेवली, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकिकत. जिजाबाई बाल शिवबांना घेऊन आल्या त्या या उजाड गावात. सोन्याचा फाळ लावून जमीन नांगरली ती त्यानंतर, त्या शापावरचा उतारा म्हणून. मला यात सोन्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो. पळून गेलेली कुळं परत यायची तर जमीन आता भरवशाची आहे हे सगळ्यांदेखत दाखवायला हवं होतं.

दुसरं काम देवाचं. ठकारांच्या घराजवळ सापडलेल्या गणपतीचं देऊळ जिजाबाईंनी बांधवलं, असं सांगतात. तोच कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. देऊळ बघून तुम्ही म्हणाल, एवढंसंच? आत दगडी गाभारा, पुढे लाकडी सभामंडप आणि शेंदराचे थर चढून मूळ रूप झाकलेली मूर्ती. इथे शिल्पकला शोधू नका, मान बघा. पुण्यातल्या कितीतरी घरांतून लग्नाची पहिली पत्रिका आजही इथे येते. अनंत चतुर्दशीला कसबा गणपती निघाल्याशिवाय मानाच्या गणपतींची मिरवणूक सुरू होत नाही. मागच्या मंडळांचे ढोल कितीही मोठे असोत, त्यांनी थांबायचं.

आता लाल महाल. शहाजीराजांनी मायलेकरांसाठी बांधवलेला मूळ महाल केव्हाच गेला. आज दिसतो तो महापालिकेने बांधून १९८८ साली पुरा केला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला आणि त्याची बोटं तुटली, ती याच परिसरात. शाळेच्या सहलीतली मुलं "खान कुठल्या खिडकीतून पळाला?" असं विचारतात आणि कुणीतरी मोठ्या उत्साहाने एक खिडकी दाखवतोही. दाखवू दे. तुम्ही मात्र बाहेर येऊन लाल महाल ते शनिवारवाडा हे अंतर पायी चाला. मराठी सत्तेची सुरुवात आणि तिचा पेशवाईतला थाट यांच्यात जवळजवळ शंभर वर्षं आहेत, आणि जमिनीवर मोजाल तर जेमतेम पाच मिनिटं.

एवढं झालं की बहुतेक लोक रिक्षा पकडतात. खरं कसबा इथून पुढे, आळ्यांत. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, भोई आळी, नदीकडे कुंभारवाडा, शिवाय कागदीपुरा. जो तो आपला धंदा घेऊन बसला आणि धंद्याचं नाव आळीला चिकटलं. कागदीपुऱ्यात आता कागद बनत नाही. बुरूड आळीत मात्र अजून सुपं, टोपल्या, शिड्या रस्त्यावर मांडलेल्या दिसतात आणि लग्नसराईत रोवळ्यांना गिऱ्हाईकही असतं.

एकच आळी बघायची असेल तर तांबट आळी बघा. बघण्याआधी ती ऐकूच येते. मठारकाम म्हणतात ते हे: तांब्याचं भांडं लोखंडी दांड्यावर धरायचं आणि हातोडीचे ठोके शेजारी शेजारी, एका मापाचे, ओळीने देत जायचं. कारागीर ठोक्याकडे बघतही नाही, डाव्या हाताने भांडं केसभर फिरवत राहतो. सगळी कला त्या फिरवण्यात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्यावर ते चकाकते खवले उमटतात. हल्ली यंत्राने खवले छापलेली भांडी बाजारात मिळतात. ती नुसती दिसायला तशी, त्यांच्या पत्र्याला तो कडकपणा नसतो. तांबट इथे आले ते पेशवाईत, राजधानीच्या शहराला लागणारी भांडी घडवायला. पुढे घरोघरच्या बंबांवर आळी चालली. गिझर आले, बंब गेले. आता दिवे, तांबे, हॉटेलांची सजावट असल्या ऑर्डरींवर काम टिकून आहे. दुकानात वस्तू घेतलीत तर घासाघीस जरा बेताची करा, एवढंच माझं म्हणणं.

वाटेत साततोटी चौक लागेल. कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पेशव्यांनी शहरभर हौद बांधले, त्यातला सात तोट्यांचा हौद इथला. आज साततोटी विचारलंत तर लोक पोलीस चौकी दाखवतात. फडके हौदाचंही तेच, पाण्याचं नाव चौकाला राहिलं. नदीच्या बाजूला शेख सल्ल्यांचे दोन दर्गे आहेत, थोरला आणि धाकटा. त्या जागी आधी पुण्येश्वर आणि नारायणेश्वर ही देवळं होती, असं पुण्याच्या जुन्या इतिहासात वाचायला मिळतं, आणि त्यावरून आजही वाद आहे. चहाच्या टपरीवर तो विषय काढू नका. त्याच नदीकाठाला १२ जुलै १९६१ चा, पानशेत धरण फुटून आलेला पूर येऊन गेला.

आणि वाडे? ते विचारू नका म्हणावंसं वाटतं. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, तेव्हा पेठांतले वाडे त्यात असतातच. भाडेकरूचं भाडं महिन्याला भाजीच्या पिशवीइतकंही नाही, त्यात मालक कौलं कशी बदलणार? आणि भाडेकरूने पिढ्यान्‌पिढ्यांचं बिऱ्हाड सोडून जायचं कुठे? दोघंही बरोबर, आणि भिंत पडते. मग बिल्डर येतो, खाली पार्किंग, वर पाच मजले, नाव मात्र अमुक वाडा. लांबून आलेला माणूस याला विध्वंस म्हणतो. सामाईक संडासापुढे जन्मभर रांग लावलेल्या इथल्या आजींना लिफ्टचं किती कौतुक आहे, ते त्याने एकदा ऐकावं.

गाडी घेऊन येऊ नका, लावायला जागा मिळणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, त्यातल्या कसबा पेठ स्थानकावर उतरा. आराखड्यात या स्थानकाचं नाव बुधवार पेठ होतं, ते नंतर बदललं. हे ठीक झालं की नाही, यावर कोणत्याही पुणेकराला विचारा. वेळ हाताशी ठेवून मात्र विचारा.