तुम्ही विचारलंत म्हणून: लोक वय खरं सांगतात का?

आरोग्य सर्वेक्षणासाठी बीड-लातूरकडची गावं फिरते म्हटलं, की हा प्रश्न हमखास येतो.

मुद्दाम खोटं फार थोडे सांगतात. बहुतेकांना नेमकं वय ठाऊकच नसतं, म्हणून उत्तरं पाचाच्या पाढ्यात येतात: पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. "बेचाळीस" असं क्वचितच कुणी म्हणतं. मग आम्ही आकडा सोडतो आणि आठवणी विचारतो. म्हाताऱ्या माणसांना बहात्तरचा दुष्काळ. त्यानंतरच्यांना किल्लारीचा भूकंप: 30 सप्टेंबर 1993, गणपती बुडवून लोक निजलेले, ती पहाट. "भूकंपाच्या वक्ताला मी पाळण्यात होते" एवढं एखादीनं सांगितलं, की वय पक्कं झालं.

अवघड असतं ते पंधरा ते अठराचं वय. तिथं ठाऊक असतं, पण सांगायचं नसतं.

2025 च्या दसऱ्याच्या सुमारास अंबाजोगाईकडच्या एका घरी होते. नव्या सुनेच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सासू म्हणाली, "अठरा ल्ह्या, बाई." मी पोरीलाच विचारलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं ते आठवतं का गं? ती एकदम खुलली. "व्हय! त्याच साली मला पहिलीत घातलं." ती पाण्याची रेल्वे 2016 च्या उन्हाळ्यातली. पहिलीला सहा वर्षांची धरली, तर जन्म 2010 चा.

सासूच्याही ते ध्यानात आलं. जरा वेळानं तीच बोलली. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम एकट्या पोराला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देईना. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला कोण विचारतो? वर, कारखान्याला जाताना तरणी पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून माहेरच्यांनाही घाई. दाराशी पत्र्याची पेटी बांधून तयार होती. मला राग आला होता, पण त्या बाईवर काढावा असं वाटेना. लग्नाची तारीख पंचांगाआधी मुकादमाच्या वहीत ठरलेली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के आलं, बीड जिल्ह्यात जवळपास 44. हा आकडा बातम्यांत खूपदा येतो, पण तो कसा काढतात हे फारसं कुणी सांगत नाही. आज वीस ते चोवीस वर्षांच्या असलेल्या बायांना "लग्नाच्या वेळी वय काय होतं" असं विचारून तो निघतो. आज पंधराव्या वर्षी लग्न झालेली पोर त्यात नसतेच.

मी रकान्यात 15 लिहिलं. त्या 44 सारख्या आकड्यात ही पोर येईल ती वीस वर्षांची झाल्यावर, 2030 च्या पुढं. तेही सर्वेक्षणवाले दारात येतील तेव्हा ती उसाच्या फडात नसून घरी असली तर.