रेकॉर्डसंग्रहाचा विमा उतरवताय? आधी यादी करा

घरातल्या सामानाच्या पॉलिसीत गाण्यांच्या व्हायनिल रेकॉर्डही आल्याच, असं धरून चालू नका. आल्या तरी त्या बऱ्याचदा कपडे-फर्निचरच्या रांगेत येतात. एका वस्तूला अमुक इतकीच मर्यादा आणि वर वापराचा घसारा. दुर्मिळ रेकॉर्डची किंमत वर्षागणिक चढते, घसाऱ्याचा हिशेब मात्र उलटा चालतो. म्हणून संग्रहासाठी वेगळी पॉलिसी किंवा जोडकलम घ्यावं, आणि ते शक्यतो ‘मान्य मूल्या’चं असावं. म्हणजे किमतीवरची घासाघीस नुकसानीआधीच उरकते.

प्रीमियम वाचवायला रक्कम कमी दाखवू नका. सरासरीचं कलम (विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापणारं) असलेल्या पॉलिसीत 100 चा संग्रह 60 ला उतरवला आणि 30 चं नुकसान झालं, तर हातात 18 पडतात. नुकसान विमा रकमेच्या आत होतं, हा युक्तिवाद चालत नाही.

खरं काम यादीचं. ‘अमुक गायक, एलपी, एक नग’ ही नोंद कुचकामी. एकाच अल्बमच्या पहिल्या प्रेसिंगच्या (पहिल्यांदा काढलेल्या खेपेच्या) आणि री-इश्यूच्या (नंतर पुन्हा काढलेल्या खेपेच्या) किमतीत कैक पटींचा फरक असू शकतो, कव्हर मात्र जवळपास सारखं. फरक कळतो मॅट्रिक्स नंबरावरून. शेवटचा ट्रॅक संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर तो कोरलेला किंवा ठोकलेला असतो. रेकॉर्ड तिरपी धरून टॉर्च बाजूने मारा, अक्षरं उठून दिसतील. दोन्ही बाजूंचे नंबर उतरवून घ्या, अगदी खाडाखोडीसकट. कधी कधी प्रेसिंग ओळखू येतं ते त्या खाडाखोडीवरूनच.

रेकॉर्डचा आणि कव्हरचा ग्रेड, म्हणजे स्थितीचा दर्जा, वेगवेगळा लिहा. किमतीसाठी डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या माहिती-विक्रीच्या वेबसाइटवर पाहायचं ते प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे, आणि तेही त्याच प्रेसिंगचे, त्याच ग्रेडचे. विकणारा काय, वाट्टेल ते मागतो. महागड्या रेकॉर्डची नोंद एकेक करून, दोन्ही लेबलांच्या, त्या पट्टीच्या आणि कव्हरच्या फोटोंसह. बाकीच्या एकरकमी चालतात. यादीची प्रत घराबाहेर हवी, नाहीतर आगीत संग्रहाबरोबर तीही जायची.

अपवादांचं पान सावकाश वाचा. पाइप फुटून भिजलेल्या रेकॉर्ड सहसा धरल्या जातात. ओलीने हळूहळू चढलेली बुरशी, वाळवी, नेहमीची झीज हे सहसा नाही. उन्हाच्या खिडकीशी ठेवून वाकलेल्या एलपीचा क्लेम तर ‘निष्काळजीपणा’ म्हणूनही अडू शकतो. प्रवासातलं नुकसान वेगळं विचारा. अधूनमधून विक्री करत असाल तर तेही आधीच सांगा, कारण घरगुती पॉलिसीत विक्रीचा माल सहसा बसत नाही. बॉक्स सेटमधली एकच रेकॉर्ड फुटली तर पूर्ण सेटचे पैसे मिळतील की एका तबकडीचे, हे लेखी घ्या.

रेकॉर्ड भिजल्याच तर आधी आहे त्या स्थितीत फोटो काढा, मग त्या कव्हरमधून बाहेर काढा. ओलं कव्हर वाळताना आतल्या पिशवीला चिकटतं. लेबल सांभाळून डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभ्या वाळवा. हेअर ड्रायर अजिबात नको, व्हायनिल वाकतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत फाटकं कव्हरसुद्धा टाकू नका. पूर्ण रक्कम घेतली की उरलेला माल सहसा कंपनीचा होतो; तो ठेवायचा असेल तर त्याची किंमत वजा करून तडजोड होते का, ते सही करण्याआधी विचारा.