कॅमेऱ्यासमोरची मुलाखत : फर्स्ट ऑफिसरच्या जागेसाठी मी केलेली तयारी

पायलटच्या भरतीत आता बऱ्याच एअरलाइन्स पहिली चाळणी रेकॉर्डेड व्हिडिओ मुलाखतीने लावतात. समोर माणूस नसतो. लिंक उघडली की स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला साधारण अर्धा मिनिट मिळतं, मग रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि दीड-दोन मिनिटांत उत्तर संपवायचं असतं. वेळ संपली की वाक्य अर्धवट असलं तरी पुढचा प्रश्न येतो. काही ठिकाणी उत्तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, माझ्या मुलाखतीत ती सोय नव्हती. फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या जागेसाठीचा हा टप्पा मी नुकताच पार केला. आपल्यातल्या बहुतेकांचा सगळा जोर मीटिअरॉलॉजी, नेव्हिगेशन आणि एअर रेग्युलेशन्सवर असतो, बोलण्याच्या तयारीला मात्र आदल्या संध्याकाळी हात लागतो. म्हणून मला जे खरोखर कामी आलं ते सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात अवघड होती ती समोरची शांतता. कॉकपिटमध्ये प्रत्येक बोलण्याला पोच असते. कंट्रोलरकडून क्लिअरन्स (परवानगी) मिळाला की रीडबॅक, म्हणजे तोच संदेश परत म्हणून दाखवणं, सहकाऱ्याचा कॉलआउट झाला की 'चेक्ड'. ही सवय इतकी अंगात मुरते की समोरून काहीच न येता दोन मिनिटं बोलणं जड जातं. आवाज उतरतो, वाक्यं शेवटाकडे विरतात, आणि ऐकणाऱ्याला कळलं की नाही या शंकेने एकच मुद्दा दोनदा-तीनदा सांगितला जातो. मला वाट सापडली ती आपल्याच प्रशिक्षणात. रिसीव्हर बंद पडल्याची खात्री झाली की आपण ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) रेडिओ बिघाडाचा ७६०० हा कोड लावतो, 'ट्रान्समिटिंग ब्लाइंड' म्हणून पूर्ण संदेश देतो, तो एकदा पुन्हा सांगतो आणि पुढचा संदेश कधी देणार तेही कळवतो. उत्तर येणार नाही हे धरूनच बोलायचं, पण कुणीतरी नक्की ऐकतंय या भरवशावर. कॅमेऱ्यासमोर मी तोच भरवसा धरला. उत्तराचं पहिलंच वाक्य असं ठेवलं की पुढे काय सांगणार आहे ते ऐकणाऱ्याला कळावं, आणि शेवटचं वाक्य म्हणजे परिणाम. तो सांगून झाला की थांबायचं. वेळ उरली तर उरू द्यायची.

आता उत्तरांच्या मजकुराकडे येते. इथे माझं मत अगदी ठाम आहे : तयार उत्तरं पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर डोळ्यांत दिसतं आणि प्रश्न थोडा वेगळा आला की कोसळतं. मी त्याऐवजी लॉगबुक घेऊन बसले. शेरे लिहायच्या रकान्यात दोन-तीन शब्द असतात, 'डायव्हर्टेड', 'गो-अराउंड, क्रॉसविंड' (आडव्या वाऱ्यामुळे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं), 'रेडिओ फेल्युअर'. त्या प्रत्येक नोंदीमागे एक घटना आहे. अशा घटना वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीसमोर लिहिलं की यातून माझी कोणती क्षमता दिसते. क्षमतांची यादी नव्याने शोधावी लागत नाही. संवाद, नेतृत्व आणि टीमवर्क, परिस्थितीचं भान, कामाचा ताण हाताळणं, अडचण सोडवून निर्णय घेणं, कार्यपद्धतींचं पालन या गोष्टी आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पायलट क्षमतांच्या चौकटीत आहेत आणि एअरलाइन्सचे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात. एक घटना दोन-तीन प्रश्नांना चालते, फक्त भर कशावर द्यायचा ते बदलतं.

एक उदाहरण देते. क्रॉस-कंट्रीला, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्याकडे जाण्याच्या उड्डाणात, मी विमान उडवत होते आणि शेजारी माझ्याच बॅचचा सहकारी होता. पुढे ढगांचा तळ अंदाजापेक्षा खाली येत चालला होता. त्याचं म्हणणं, अजून थोडं पुढे जाऊन बघू, पलीकडे मोकळं असेल. मी त्याला विचारलं, "पुढच्या रिपोर्टिंग पॉइंटपर्यंत तळ आपल्या ठरलेल्या उंचीच्या खाली गेला तर वळायचं, चालेल?" तो हो म्हणाला. मग कामं वाटली : तो अल्टरनेटचं (आधीच ठरवलेल्या पर्यायी विमानतळाचं) हवामान घेईल, मी इंधनाचा हिशोब करून मागे वळायचा हेडिंग तयार ठेवेन. पॉइंटवर पोहोचलो तेव्हा तळ खाली होता, आम्ही वळलो आणि अल्टरनेटला उतरलो. वादाला जागाच उरली नाही, कारण निर्णयाची अट आधीच दोघांनी मान्य केली होती.

हीच गोष्ट दीड मिनिटात सांगायची तर कात्री कुठे लावायची? सरावाच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ ढगांच्या वर्णनात जात होता. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम असा स्टार पद्धतीचा साचा सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातला मोठा वाटा कृतीला द्यायला हवा. हवामान दोन वाक्यांत, माझी जबाबदारी एका वाक्यात, आणि उरलेला वेळ मी नेमकं काय विचारलं, कामं कशी वाटली, कोणते पर्याय तोलले यासाठी. दुसरं म्हणजे 'आम्ही' आणि 'मी' यांचा हिशोब. नुसतं 'आम्ही ठरवलं' म्हटलं तर माझा वाटा कळत नाही. नुसतं 'मी, मी' केलं तर शेजारी बसलेला माणूस गायब होतो, आणि एअरलाइनला तर दोघांचं कॉकपिट चालवायचं आहे.

टीमवर्कचे प्रश्न इतके का विचारतात हे समजून घेतलं की उत्तरात आपोआप जीव येतो. डिसेंबर १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट १७३ हे डीसी-८ विमान पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळलं आणि १० जणांचा जीव गेला. लँडिंग गिअरच्या बिघाडात कॅप्टन गुंतले होते. इंधन कमी होत असल्याचं सहकाऱ्यांना दिसत होतं, पण ते पुरेशा ठामपणे पोहोचलं नाही. पुढच्याच वर्षी नासाने घेतलेल्या कार्यशाळेतून आजच्या सीआरएमची (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्या टीमवर्कचं प्रशिक्षण) सुरुवात झाली. 'कॅप्टनशी मतभेद झाला तर काय कराल?' या प्रश्नामागे हा सगळा इतिहास उभा आहे. म्हणूनच माझ्या उत्तरात आदर होता तसाच ठामपणाही होता : आधी लक्षात आणून देणं, मग प्रश्न विचारणं, मग पर्याय सुचवणं आणि सुरक्षिततेलाच धोका असेल तर स्पष्ट शब्दांत थांबायला सांगणं.

'आमचीच एअरलाइन का?' हा प्रश्न येणारच. त्यासाठी ताफ्यातली विमानं, बेस, मार्ग, कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल वाचावा आणि त्यातल्या एक-दोन गोष्टी आपल्या करिअरशी प्रामाणिकपणे जोडाव्यात. कौतुकाचे पूल बांधू नयेत.

भाषेबद्दल थोडं. मुलाखत इंग्रजीत असते. आयकाओच्या भाषापट्टीवर आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान चौथी पातळी लागते, आणि त्या पट्टीतही उच्चारांचं मोजमाप समजण्यात अडथळा येतो का यावर होतं. म्हणजे आपला लहेजा लपवायची गरज नाही. मी फक्त वेग कमी केला आणि वाक्यं छोटी ठेवली. चेहऱ्याबद्दलही अनेकांना भीती असते की मशीन हावभाव मोजेल. अशा मुलाखतींचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या हायरव्ह्यूने चेहऱ्याचं विश्लेषण वगळल्याचं जानेवारी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. ओढून-ताणून हसत बसू नका, पण उत्तराच्या सुरुवातीला मोकळा चेहरा ठेवा, कारण रेकॉर्डिंग बघणारी माणसंच असू शकतात.

खोलीची तयारी पटकन सांगते. उजेड समोरून, खिडकी पाठीमागे नको. लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणला. नेट वायरने जोडलं, फोन दुसऱ्या खोलीत, सगळे नोटिफिकेशन बंद. स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा छोट्या कागदाने झाकला, कारण नजर सारखी तिकडे जाते आणि बघणाऱ्याला आपण खाली पाहतोय असं वाटतं. नजर लेन्सवर ठेवायची. सरावाचे प्रश्न हवे तितक्या वेळा देता येतात, तेव्हा आवाज आणि चित्र तिथेच तपासून घ्या. समोर मी एकच कागद ठेवला होता, त्यावर घटनांची फक्त नावं. अर्ध्या मिनिटात त्यातली योग्य घटना निवडायची आणि पहिलं वाक्य मनात जुळवायचं, एवढंच काम. एवढ्या वेळात अख्खं उत्तर जुळवायला गेलं की गोंधळ होतो.

पुढच्या टप्प्याचा मेल आला आहे, त्यात ग्रुप एक्सरसाइज आणि सिम्युलेटर आहे. सिम्युलेटरसाठी पिच-पॉवरचे आकडे (विमानाच्या नाकाचा कोन आणि इंजिनाची ताकद) आणि रॉ डेटावरचं आयएलएस, म्हणजे ऑटोमॅटिक मदतीशिवाय रेडिओ संकेतांवर धावपट्टीकडे उतरणं, यांचा सराव सुरू केला आहे. लॉगबुकमधून काढलेली घटनांची यादी समोरासमोरच्या मुलाखतीतही लागेल, त्यामुळे ती वाढवत चालले आहे.