धूसर आहे, हललेला नाही

फुलाचा क्लोजअप कुणालाही दाखवला की हमखास एक प्रश्न येतो, "हा जरा हललाय का गं?" म्हणजे आपण भल्या पहाटे गारठ्यात जमिनीला नाक लावून, श्वास रोखून, एका पुंकेसराचं टोक सापडेपर्यंत लेन्स पुढेमागे करत बसायचं आणि समोरच्यानं दोन सेकंदात निकाल द्यायचा, हललाय. मी हल्ली वाद घालत नाही. फोटो मोठा करते आणि त्या टोकावर बोट ठेवते. तिथं परागकण अन् कण सुटा दिसतो, बाकीचं मी मुद्दाम सोडून दिलेलं असतं.

खरं तर जवळून फोटो काढताना धूसरपणा आणावा लागतच नाही, तो येतोच, नको म्हटलं तरी येतो. मॅक्रो लेन्सनं फूल जेवढं आहे तेवढंच सेन्सरवर उमटवलं, ज्याला एकास एक म्हणतात, की फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ/८ ठेवूनसुद्धा (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं लेन्समधलं उजेडाचं भोक, म्हणजे अपर्चर, बारीक) फोकसमध्ये राहतो तो साधारण १ मिलिमीटरचा थर. एफ/२.८ ला तर त्याच्याही एक तृतीयांश. बोटभर खोल फुलातला एवढासाच तुकडा आपल्या हातात असतो, त्यामुळे फोटो काढायचा म्हणजे कुठला मिलिमीटर ठेवायचा एवढंच ठरवायचं. माझं मत विचाराल तर पाकळीची जवळची कड नाहीतर मधला एखादा पुंकेसर, दोन्ही एकदम पकडायच्या नादात मधलंच काहीतरी भलतं फोकसमध्ये येतं आणि मग मात्र तो प्रश्न विचारणाऱ्याचं बरोबर असतं.

आता यात आणखी एक गंमत आहे, की फोकसबाहेर गेलेलं आणि सॉफ्ट फोकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोकसबाहेर गेलं की रेष पुसली जाते. सॉफ्ट फोकसमध्ये रेष जागेवर असते, फक्त तिच्याभोवती उजेड सांडल्यासारखा पसरतो, कारण लेन्सच्या कडेनं आलेले किरण आणि मधून आलेले किरण नेमके एका ठिकाणी न मिळता थोडे पुढेमागे मिळतात. हा खरं तर काचेचा दोष. लेन्स बनवणाऱ्यांनी तो घालवण्यासाठी काय काय खटपटी केल्या, आणि काहींनी तोच दोष हौसेनं परत आणून दिला, कॅननची १९८७ ची १३५ मिलिमीटरची एक लेन्स होती तिच्यावर चक्क सॉफ्टपणा कमीजास्त करायची रिंग होती! अपर्चर लहान करत गेलं की हा परिणाम नाहीसा होतो, कारण कडेचे किरण आतच येत नाहीत. अशी लेन्स नसेल तर लेन्सपुढे लावायच्या जुन्या साध्या काचेच्या फिल्टरला कडेकडेनं व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, मध्ये स्वच्छ जागा ठेवायची (फिल्टरला बरं का, लेन्सच्या काचेला नाही). आणि थंडीत तर तेही लागत नाही, फिल्टरवर एक हलका श्वास सोडायचा, काच गार असते त्यामुळे वाफ जरा टिकते, ती विरता विरता पटापट क्लिक करायचं. प्रत्येक फोटो वेगळा येतो, दुसऱ्यांदा तसाच काढता येत नाही, हे ज्यांना चालत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

थंडीची खरी कृपा म्हणजे स्थिर हवा. एरवी फुलांच्या फोटोत सगळ्यात मोठा शत्रू वारा, कारण फोकसचा थरच मिलिमीटरभर, तिथं देठ केसभर डुलला तरी खेळ खलास. पण निरभ्र रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि खालीच बसून राहते, त्यामुळे सूर्योदयाच्या आसपास जमिनीजवळ पान हलत नाही. त्यात सूर्य खाली, ऊन तिरपं आणि मऊ, आणि धुकं असेल तर बघायलाच नको, आख्खं आभाळ डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, होऊन बसतं. मागच्या गवतावरचं दव उन्हाकडे तोंड करून बघा, लेन्स पूर्ण उघडी असेल तर त्या थेंबांची गोल गोल उजेडाची वर्तुळं होतात. अपर्चर बारीक केलं की त्याच वर्तुळांना कोपरे फुटतात, मला ते अजिबात आवडत नाहीत.

हिमकणांचं मात्र वेगळं असतं. दव गोठून झालेले थेंब वेगळे आणि हे वेगळे, इथं हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ होऊन पाकळीवर बसते. उघड्या आभाळाखाली पानं-फुलं हवेपेक्षाही गार होतात, म्हणून थर्मामीटर २-३ अंश दाखवत असला तरी सकाळी पाकळीच्या कडांवर आणि देठाच्या लवेवर त्या बारीक सुया उगवलेल्या असू शकतात. फोकस तिथंच करायचा, लवेवर, आणि पाकळीचा रंग मागं नुसता विरघळू द्यायचा. वेळ फार नसतो, ऊन पोचलं की काही मिनिटांत पाणी, आणि आपण फार जवळ तोंड नेलं तर त्याआधीच. सावलीत काढलेले हे फोटो निळसर येतात, कॅमेऱ्यात ते दुरुस्त करता येतं, मी थोडा निळा ठेवते, थंडी आहे ती दिसायला नको का? बर्फ किंवा पांढरं फूल फ्रेमभर असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, एक्सपोजर एक-दीड स्टॉप वाढवून घ्यायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

आणि फुलंही कसली, थंड देशांत हिवाळ्यात फुलणारी, स्नोड्रॉप मान खाली घालून उभं, हेलेबोर कडाक्याच्या पहाटे असं लोळलेलं असतं की गेलंच म्हणावं, आणि दुपारी ऊब मिळाली की ताठ. विच हेझलच्या पिवळ्या अरुंद पाकळ्या गारठ्यात गुंडाळून बसतात आणि ऊब आली की उलगडतात. पहिल्या दोघांचे चेहरे जमिनीकडे, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला आडवं पडण्यावाचून गत्यंतर नाही, प्लास्टिकचा कागद बरोबर असावा.

धूसर की धारदार हा वाद जुनाच आहे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही फोटोग्राफरांनी ग्रुप एफ/६४ काढला, नावच बारीक अपर्चरवरून, म्हणजे सगळं कसं लख्ख पाहिजे. त्यातल्या इमोजेन कनिंगहॅम यांनी १९२५ मध्ये मॅग्नोलियाचा जो क्लोजअप काढला त्यात पुंकेसर मोजून घ्यावेत. गंमत म्हणजे त्याच बाईंनी सुरुवातीच्या काळात भरपूर सॉफ्ट फोकस फोटो काढलेले होते. आता तर फोकस स्टॅकिंग आहे, वेगवेगळ्या थरांचे फोटो जोडून आख्खं फूल टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट. वनस्पती ओळखायला उत्तम, मला त्यात फूल दिसतं पण सकाळ दिसत नाही. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड दुसऱ्या टोकाचा, तो धूसरपणा हिशेबानं लावतो आणि त्या हिशेबात नेमकी लव कापून टाकतो.

बॅटरी थंडीत लवकर बसते, जास्तीची एक आतल्या खिशात अंगाशी ठेवायची. आणि उबदार घरात शिरताना कॅमेरा बाहेर असतानाच पिशवीत घालून घट्ट बंद करायचा, नाहीतर गार काचेवर क्षणात बाष्प धरतं. दिसायला तोही सॉफ्ट फोकसच, पण ओल आत राहिली तर लेन्सला बुरशी लागते, तेव्हा फोटो बघायची कितीही घाई असली तरी पिशवी तासभर उघडायची नाही.