साडेएकाहत्तर फेरे

साताऱ्याला आत्याच्या घराचा माळा आवरताना पत्र्याच्या एका ट्रंकेत तीसेक तबकड्या निघाल्या. बहुतेक नाट्यपदांच्या, दोन्हीकडून वाजणाऱ्या. एकच निराळी होती. दहा इंची, हाताला जड, एका बाजूला काळं लेबल आणि चरे, दुसरी बाजू कोरी. चुलतभावानं "ही खराब आहे गं, एकच बाजू उमटलीय" म्हणत ती रद्दीवर ठेवली. मी ती उचलून मागची बाजू उन्हात तिरकी धरली, तर त्यावर उठावाचा ठसा: पिसाची लेखणी घेऊन तबकडीवर लिहिणारा लहानसा देवदूत. कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्याही आधीची ही खूण. लेबलावर नाव होतं गौहरजान, त्या काळची कलकत्त्याची नामवंत गायिका.

कंपनीचं नाव 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' असं होतं. त्यातला टाइपरायटर १९०७ मध्ये गळला, म्हणजे तबकडी त्याआधीची. पणजोबांनी आणलेली असणार.

आत्याला दाखवली तर ती म्हणाली, "अगं, ही पिपाणीवाली. लहानपणी आम्ही कान झाकायचो." आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे. घरातला चावीचा ग्रामोफोन कधीच मोडीत गेला, पण 'पिपाणीवाली' हे नाव मात्र घरात टिकलं. माझं मन ते मानेना. जिच्या गाण्यासाठी संस्थानिक पदरचं मोजत होते, ती किंचाळत कशी असेल?

आधी धूळ काढायची होती. शेजारच्या एकानं स्पिरिटचा बोळा सुचवला. नशिबानं आमच्याकडे पूर्वी सुतारकाम चालायचं, त्यामुळे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. ही तबकडीही लाखेचीच, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली. स्पिरिटनं चरेच विरघळले असते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. चराच्या दिशेनं गोल हात फिरवायचा, लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही, मग सुती कापडानं टिपून उभी वाळवायची. पहिल्या पाण्याला चहासारखा रंग आला. तिसरं पाणी स्वच्छ राहिलं.

त्यानंतर चूक केली. तबकडी एका ठिकाणी डिजिटल करायला दिली. फाइल आली ती गुळगुळीत: खरखर गेलेली, पण तिच्याबरोबर तबल्याची बोटं आणि शब्दांतले स-श सुद्धा पुसलेले. वेगही सरसकट ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, धरलेला. पिपाणी होती तशीच होती. तेव्हा ठरवलं, हे आपणच करायचं.

एका मित्राकडून टर्नटेबल आणलं आणि ७८ च्या तबकड्यांसाठीची तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश जाडीची सुई मागवली. नंतरच्या एलपी तबकड्यांची सुई इथे चालत नाही. ती इतकी बारीक असते की चराच्या तळाशी जाऊन घासते, आवाजाऐवजी खरखरच देते. या सुईनं पहिल्याच वेळी सारंगी वेगळी ऐकू आली. मी आवाज संगणकावर ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेतला आणि खरखरीला हात लावला नाही.

राहिला वेग. तबकडीला ७८ म्हणायचं ते नंतरच्या सवयीनं. सुरुवातीच्या काळात आवाज आधी मेणाच्या थाळीवर कोरत, आणि ते कोरणारं यंत्र ज्या दिवशी जसं फिरलं तसं फिरलं, सत्तरपासून ऐंशीपर्यंत काहीही. मी माझी पेटी घेऊन बसले. रेकॉर्डमधल्या पेटीचा षड्ज ७८ वर बरोब्बर दोन पट्ट्यांच्या मधे पडत होता. पेटी काही मधे वाजत नाही. वेग हळूहळू उतरवत नेला. ७६ च्या जरा खाली एक पट्टी जुळली. आणखी उतरवलं, तर साडेएकाहत्तरला त्याखालची पट्टी जुळली. आता दोन्हींतली खरी कुठली? तेव्हाच्या पेट्यांचा सूर माझ्या पेटीशी तंतोतंत मिळेलच असंही नाही. दोन रात्री मी यात अडकून होते.

सोडवणूक गौहरजाननंच केली. गाणं संपताच ती इंग्रजीत म्हणते, "माय नेम इज गौहरजान." हे ऐटीसाठी नव्हतं. १९०२ च्या नोव्हेंबरात कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात तिचा आवाज पहिल्यांदा मेणावर घेतला, तेव्हा ती मेणं तबकड्या बनवायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची. कलकत्त्याच्या सियालदाचा कारखाना १९०८ चा. हॅनोव्हरच्या कारागिरांना ना भाषा कळे ना राग, लेबल कुणाचं लावायचं हे त्यांना त्या शेवटच्या वाक्यावरून समजायचं. मला त्याच वाक्यानं वेग सांगितला. गाताना माणूस पट्टी चढवतो, बोलताना आपल्या आवाजात बोलतो. ७६ ला ती घाईत, नाकातून बोलत होती. साडेएकाहत्तरला एक धीट, भरदार आवाजाची बाई समोर उभी राहिली. 'जान'वर किंचित रेंगाळली आणि थांबली.

मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मायक्रोफोन नाही, कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि तीन मिनिटांत आटपायचं. तेवढ्यात आलाप, बोल, तान, सगळं बसवलंय, आणि कुठेही घाई नाही. पूर्वी जी किंचाळी वाटायची ती तान आता दाणेदार उतरत होती. संगीत नाटकांतले गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, गैसबर्ग येण्याच्या एकच वर्ष आधी. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी बाजारात आलीच नाही. त्यांचं गाणं आपण फक्त आठवणींतून वाचतो. त्या वेळी कर्ण्यासमोर निर्भयपणे उभ्या राहिल्या त्या गौहरजान, जोहराबाई आग्रेवाली, अलाहाबादची जानकीबाई यांच्यासारख्या बायका. त्यांचे उपकार आपण पुरेसे मानलेले नाहीत असं मला वाटतं.

आत्याला हेडफोन लावून दिले. ती डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "ही ती नव्हे." मी लेबल दाखवलं. आमचा ग्रामोफोन फार पळायचा, चावी दिली की अण्णा वेगाचा स्क्रू पिळून ठेवायचे, हे मग तिचं तिलाच आठवलं. "ते नाव सांगते ना, तेवढं परत लाव."

तबकडी आता नव्या कागदी पाकिटात, उभी ठेवलीय. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलंय: गौहरजान, एकच बाजू, वेग ७१.५, स्पिरिट लावू नये.