दुसऱ्या वर्षाच्या मुलांसोबत फाज शोधताना, माझा अनुभव

मी पदवीच्या मुलांना मायक्रोबायॉलॉजी शिकवते. दुसऱ्या वर्षाची नेहमीची प्रॅक्टिकलं बाजूला ठेवून त्या जागी टर्मभर चालणारं एकच संशोधन घेतलं, मातीतून फाज म्हणजे बॅक्टेरियावर जगणारे व्हायरस शोधायचं. ते कसं जमवलं असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तरच लिहितेय.

आधी का ते सांगते. आपल्या प्रॅक्टिकलचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. ग्रॅम स्टेनिंग करा, म्हणजे बॅक्टेरिया रंगवून ओळखा, जांभळं दिसलं तर पॉझिटिव्ह, जर्नलमध्ये उतरवा, सही घ्या, झालं. हात बसायला हे लागतंच, मी त्याच्या विरोधात नाही, पण उत्तर चुकलं की मूल शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि तेच लिहून टाकतं, आणि त्यात मुलाला काय बोलणार, मार्क तर आपणच त्या उत्तराला देतो ना. मला असा प्रश्न हवा होता ज्याचं उत्तर शेजारच्याच्या वहीत नाही आणि माझ्याकडेही नाही.

आणि अजून एक, हे मला जास्त लागतं. एरवी संशोधन कुणाच्या वाट्याला येतं? जो स्वतःहून सरांच्या केबिनमध्ये जाऊन विचारू शकतो, ज्याला संध्याकाळी लॅबमध्ये थांबता येतं त्याच्या. ज्याला क्लास सुटल्यावर लगेच कामाला जायचं असतं, किंवा आपण विचारलं तर चालेल का हेच ज्याला माहीत नसतं, तो बाहेरच राहतो. संशोधन टाइमटेबलमध्येच बसवलं तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, अख्खा वर्ग आत. याला क्युअर म्हणतात, म्हणजे अभ्यासक्रमातच गुंफलेलं संशोधन, आणि त्यात नवं काही सापडण्याची शक्यता हवी, एकत्र काम हवं आणि फसलं तर परत करायला वाव हवा. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त महत्त्वाचा आणि सगळ्यात आधी कापला जाणारा.

विषय फाज निवडला. पृथ्वीवर फाज एकावर 31 शून्यं इतके असावेत असा अंदाज आहे, त्यामुळे मातीतून काढलेला फाज आधी कुणी पाहिलेला नसण्याची शक्यता भरपूर असते. 2008 पासून अमेरिकेत सी-फाजेस नावाचा कार्यक्रम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून हेच करून घेतो, मी पद्धत तिथूनच घेतली. होस्ट म्हणून, म्हणजे फाज ज्यावर वाढवायचा तो बॅक्टेरिया म्हणून, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, टीबीच्या जंतूचा नातलग पण निरोगी माणसाला सहसा त्रास न देणारा, आणि वाढतोही बराच भराभर, साधारण तीन तासांत दुप्पट.

मंजुरीसाठी विभागात बसले तेव्हा दोनच प्रश्न आले. सिलॅबस कसा पूर्ण होणार, आणि काहीच सापडलं नाही तर मार्क कशाचे देणार. पहिल्यासाठी मी कागदावर मांडून दिलं की निर्जंतुक काम, सिरीयल डायल्यूशन म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करणं, प्युअर कल्चर, डीएनए काढणं, तो जेलवर चालवून बघणं हे सगळं यात येतंच, फक्त सुटं सुटं न येता एका कामात येतं. दुसऱ्याचं उत्तर असं की सापडण्याला मार्कच नाहीत, मार्क वहीला, कंट्रोल (तुलनेसाठी मातीचा नमुना न घालता केलेली प्लेट) लावलेत का त्याला, आणि आता पुढे काय करणार आणि का, हे लिहिण्याला. हे पहिल्या दिवशी वर्गाला स्पष्ट सांगायचं, नाहीतर मुलं परत शेजारच्याच्या वहीत.

काम तसं सोपं. माती बफरमध्ये हलवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं म्हणजे बॅक्टेरिया वर अडकतात आणि फाज खाली येतात. ते होस्टमध्ये मिसळून टॉप आगार म्हणजे पातळसर जेलीसोबत प्लेटवर ओतायचं आणि 37 डिग्रीला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पांढुरक्या थरात गोल मोकळे डाग दिसले तर ते प्लाक, तिथले बॅक्टेरिया फाजने संपवलेत.

पण टॉप आगार ओतताना हवेचे बुडबुडे राहतात आणि तेही असेच गोल दिसतात. एक मुलगी प्लेट घेऊन धावत आली, मॅडम मिळाला! मी नुसतं विचारलं, कशावरून? ती थांबली, प्लेट उजेडात धरली, मग म्हणाली कंट्रोल बघून येते. कंट्रोलवरही तसलेच दोन गोल. तोंड एवढंसं झालं तिचं. पण मग तिनेच ठरवलं की प्लेटवरचा प्रत्येक संशयित डाग वेगळा उचलून परत प्लेट करायचा, आणि कडेला एक धूसर बारीक ठिपका होता ज्याकडे आधी कुणाचं लक्षच नव्हतं, त्यातून दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे तसलेच धूसर ठिपके आले. धूसर का, तर काही बॅक्टेरिया फाजला पोटात घेऊन जिवंत राहतात, ते तिने स्वतः वाचून येऊन वर्गाला सांगितलं. मला तो ठिपका आधीच दिसला होता. गप्प राहणं हे शिक्षकासाठी या सगळ्यातलं खरंच अवघड काम आहे.

फाज मोजायचा दिवसही माझ्या आवडीचा. एक लाख पट पातळ केलेल्या नमुन्यातले 10 मायक्रोलिटर घातले आणि 47 प्लाक आले, तर मूळ नमुन्यात मिलीला किती? 10 मायक्रोलिटर म्हणजे मिलीचा शंभरावा भाग, म्हणून गुणिले शंभर, गुणिले लाख, झाले 47 कोटी. एक मुलगा बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, म्हणजे इथला एक ठिपका म्हणजे तिकडचे एक कोटी? डायल्यूशनची गणितं मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवतेय, पण हे वाक्य आधी कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

ज्यांना फाज मिळत नाही त्यांचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही एनरिचमेंट लावतो, म्हणजे माती होस्टसोबतच वाढवायची, आणि तरीही नाही तर वर्गातल्या दुसऱ्याचा फाज दोघांचा. एका गटाला तर कुणाच्याच मातीत काही मिळेना, मग त्यांनी एकेक गोष्ट तपासत कारण शोधलं. होस्टचे गोळे होऊ नयेत म्हणून ट्वीन 80 नावाचं साबणासारखं द्रव्य घालतात, ते कल्चरमध्ये तसंच राहिलं होतं आणि त्यामुळे फाजला पेशीला नीट चिकटता येत नाही. त्या गटाची वही मला सगळ्यात जास्त आवडली आणि मार्कही तिलाच जास्त पडले.

मध्येच मुलं कंटाळतात, प्युरिफिकेशनमध्ये, म्हणजे एकच फाज वेगळा करताना, तेच तेच परत करावं लागतं ना. तेव्हा मी त्यांना मडीची गोष्ट सांगते. 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका विद्यार्थिनीला सडलेल्या वांग्याखाली एक फाज मिळाला, नाव ठेवलं मडी, आणि तो फ्रीझरमध्ये गेला. पुढे लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं खराब करणारा अनुवांशिक आजार असलेल्या एका मुलीचं मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससचं इन्फेक्शन फुप्फुसं बदलल्यानंतर अंगात पसरलं, अँटिबायोटिक्स चालेनात, तेव्हा 2018 मध्ये दिलेल्या तीन फाजच्या मिश्रणात मडी होता. मुलगी सुधारली, 2019 मध्ये पेपर आला. आपल्या प्रत्येक फाजचं असं होणार नाही हेही मी सांगते, पण साठवताना लेबल नीट लिहा, कुठून आणला ते लिहा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

खरी अडचण वेळेची. इनक्यूबेटर टाइमटेबल पाळत नाही. एका लांब तासाऐवजी एक लांब आणि एक छोटा असे वेगळ्या दिवशी घेतले आणि मधल्या दिवशी प्लेटा काढून फ्रीजला ठेवायच्या पाळ्या मुलांनीच लावल्या. शिक्षकाचा यात जाणारा जादा वेळ वर्कलोडमध्ये धरला जात नाही, आणि ते बदललं नाही तर हे दोन-तीन हौशी लोकांवरच चालत राहील, हे मी विभागात लेखी दिलंय.

सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा पूर्ण क्रम वाचून घ्यायला, एकच फाज पाठवता आला. कुणाचा, यावर वर्गात चांगलंच वाजलं, शेवटी डीएनए ज्याचा सगळ्यात स्वच्छ आणि पुरेसा आला त्याचा, असं मुलांनीच ठरवलं. आता तोच जीनोम, म्हणजे त्या फाजचा सगळा डीएनए, सगळे मिळून वाचतायत, जीन नेमका कुठून सुरू होतो यावरून भांडतायत, आणि बऱ्याच जीन्सपुढे काम माहीत नाही असंच लिहावं लागतंय. एकीने विचारलं, मॅडम हे कुणालाच माहीत नाही? म्हटलं नाही. तिने त्यातला एक जीन पुढच्या टर्मच्या प्रोजेक्टसाठी मागून घेतलाय.