चंद्रकळेचा काळा आणि फोनचा पडदा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन हातातून निसटला आणि थेट मागाच्या खड्ड्याच्या दगडी कडेवर आपटला. काच तर फुटलीच, शिवाय उजव्या बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरायला लागला. संध्याकाळपर्यंत अर्धा पडदा गेला.

मी येवल्यात राहते. विणकरांकडून पैठण्या घेऊन व्हॉट्सॲपवर विकते. गिऱ्हाईक साडी बघतं ते फोनवर, आणि फोटोत रंग बरोबर आलाय की नाही हे मीही फोनवरच ठरवते. संक्रांत महिन्यावर आली होती आणि त्या दिवसांत सगळ्यात जास्त मागणी काळ्या साड्यांना, चंद्रकळेला असते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी गावातल्या दुकानात गेले.

"फोल्डर गेलं, ताई," दुकानदार म्हणाला. डिस्प्ले, टच आणि काच मिळून जो एक तुकडा येतो त्याला हे लोक फोल्डर म्हणतात. ओरिजिनल ८,९०० रुपये, डुप्लिकेट २,१००. पैसे मालात अडकलेले होते, म्हणून मी डुप्लिकेट सांगितलं. पाऊण तासात फोन हातात आला. "आता बोटाचा ठसा चालणार नाही, पॅटर्न ठेवा," एवढं मात्र त्याने सांगितलं. का चालणार नाही, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

त्याच रात्री चंद्रकळेचे फोटो उघडले. खोलीतला दिवा बंद होता, आणि साडीचा काळा रंग काळा दिसतच नव्हता. धुतलेल्या पाटीवर खडूची पूड राहावी तसा राखाडी दिसत होता. राणी रंगाची एक साडी होती, ती जांभळट वाटली. मला वाटलं फोटोच बिघडलाय. म्हणून एडिटिंगमध्ये जाऊन त्यात थोडा उबदारपणा वाढवला, माझ्या पडद्यावर राणी रंग राणी दिसेपर्यंत. तो फोटो सांगलीच्या एका ताईंना पाठवला, त्यांना आवडला, साडी गेली. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला: "फोटोत डाळिंबी दिसत होती, ही तर राणी निघाली." साडी परत आली. चूक माझीच होती, जाण्यायेण्याचं कुरिअर मी भरलं. पण जिवाला लागलं ते वेगळंच. त्या आठवड्यात मी अजून पाच फोटो असेच 'दुरुस्त' करून पाठवले होते. चुकीच्या पडद्याकडे बघून सुधारलेला रंग सगळ्यांच्याच पडद्यावर चुकतो, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी नणंद आणि भाचा आले होते. तिच्याकडे आयफोन एक्सआर, त्याच्याकडे आयफोन एक्सएस. दोन्ही २०१८चे, पण एक्सआरचा पडदा एलसीडी आणि एक्सएसचा ओएलईडी. तोच राणी साडीचा मूळ, न बदललेला फोटो तिन्ही फोनवर उघडला. ट्रू टोन, म्हणजे खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग बदलणारी सोय, बंद केलं, उजेड सारखा ठेवला आणि परत आलेली साडी शेजारी पसरली. माझा डुप्लिकेट पडदाही एलसीडीच असणार असा माझा अंदाज होता, म्हणून अपेक्षा होती की दोन्ही एलसीडी एकीकडे आणि ओएलईडी एकीकडे दिसेल. तसं झालं नाही. नणंदेच्या एलसीडीवर राणी रंग जवळजवळ साडीसारखाच होता, भाच्याच्या ओएलईडीवरही तसाच. वेगळा होता फक्त माझा.

म्हणजे दोष एलसीडी या जातीचा नव्हता. चांगली एलसीडी रंगाला पक्की असते. एक्सआरचा पडदा इंचाला ३२६ पिक्सेलचा, एक्सएसचा ४५८चा, पण साडीचा रंग बघताना हा फरक डोळ्याला कुठेच जाणवला नाही. दिवा मालवून चंद्रकळा उघडली तेव्हा मात्र दोन्ही फोन वेगळे झाले. एलसीडीत मागे सतत दिवा लागलेला असतो. पुढचे द्रवस्फटिक तो उजेड अडवतात, पण पुरता अडवत नाहीत, थोडा झिरपतोच. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळं दाखवायचं तर तो ठिपका विझतो. भाच्याच्या फोनवर साडी कुठे संपते आणि फोनची काळी कड कुठे सुरू होते, तेच कळेना. जरीचे काठ अंधारात नुसते तरंगत होते.

मंगळवारी एसटीने नाशिक गाठलं. एम. जी. रोडवर मोबाइलची दुकानं दाटीवाटीने आहेत. तिथे एक कारीगर भेटला, त्याने घाई केली नाही. आधी माझा फोन मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बघायला लावलं. लाल, हिरव्या, निळ्या उभ्या पट्ट्या, एकीला एक लागून, जाळीसारख्या. मग ओरिजिनल ओएलईडी लावलेला दुसरा फोन ठेवला. तिथे पट्ट्या नव्हत्याच, शंकरपाळ्यांसारखे तिरपे ठिपके होते. हिरवे लहान आणि संख्येने दुप्पट, लाल आणि निळे मोठे आणि कमी. मी पैठणीचा पदर भिंगाखाली पुष्कळदा पाहिलाय. हे बघताना तसंच वाटलं, की जवळून बघावं तर सगळे सुटे धागे, आणि लांबून बघावं तर मोर.

"तुमच्या फोनला मुळात ओएलईडी होती. त्याच्या जागी ही इनसेल एलसीडी, म्हणजे टचचा थर आतच असलेली एलसीडी, बसवलीय," तो म्हणाला. फोनचं सॉफ्टवेअर मूळ पॅनलच्या हिशेबाने जुळवलेलं असतं. पडदा बदलला तरी ते त्याच हिशेबाने रंग पाठवत राहतं. बोटाच्या ठशाचं कोडंही तिथेच सुटलं. ठसा वाचणारा सेन्सर पडद्याखाली असतो आणि ओएलईडीच्या पातळ थरातून वर बघतो. एलसीडीच्या मागे दिव्याचे थर आले की त्याची नजरच अडते. आणि ऑलवेज ऑन, म्हणजे फोन न वापरतानाही पडद्यावर दिसत राहणारं घड्याळ ठेवल्यापासून बॅटरी का उतरत होती, तेही कळलं. ओएलईडीवर घड्याळापुरते ठिपके लागतात, एलसीडीवर चार आकड्यांसाठी मागचा दिवा पेटत राहतो.

त्याच्याकडे दोन पर्याय होते: कॉपी ओएलईडी ४,५०० रुपयांना आणि फ्रेमसकट ओरिजिनल ८,४००ला. कॉपीचा काळा रंग अस्सल होता, पण कडेची पट्टी जाड होती आणि पांढरा कागद उघडला की पडदा हिरवट दिसायचा. मोह झाला होता, पण पिशवीतून आणलेली राणी रंगाची रेशमाची लड दोन्ही पडद्यांवर फोटोशेजारी धरली आणि ओरिजिनल सांगितलं. पडदा चिकटवण्याआधी त्याने नुसता जोडून दाखवला, सगळा पांढरा, सगळा काळा, मग लाल, हिरवा, निळा. हे आग्रहाने करून घ्यावं, कारण एकदा चिकटवला की दुकानदार परत घ्यायला कुरकुरतो. नंतर बी-७००० गम, वरून रबरबँड, आणि दोन तास बसून राहणं.

घरी आल्यावर सेटिंगकडे वळले. 'व्हिव्हिड' रंग बंद करून 'नॅचरल' केले. आपल्या बहुतेक फोटोंचे रंग एसआरजीबी नावाच्या ठरलेल्या मर्यादेत असतात. व्हिव्हिड त्यांना ताणतो, म्हणून डाळिंबी पेटल्यासारखी दिसते. डोळ्यांच्या आरामासाठीचा पिवळा फिल्टर संध्याकाळी सातला आपोआप लागत होता, तोही काढला. रोज रात्री मी रंग ठरवत होते ते या पिवळ्या पडद्यावर, हे पाहून धसकाच बसला. आता फोटो सकाळी दहा-अकराला, उत्तरेच्या खिडकीत, साडीशेजारी पांढरा कागद ठेवून काढते, आणि त्याच जागी बसून पडद्यावर ताडून बघते.

धूपछावचं काय करायचं हा प्रश्न मात्र पडद्याने सुटला नाही. ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे, बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, म्हणून साडी वळवली की रंग बदलतो. एका फोटोत त्यातला एकच रंग येतो, पडदा कितीही भारी असो. अशा साडीची घडी हळूहळू फिरवत छोटा व्हिडिओ काढते. फार चोखंदळ गिऱ्हाईक असेल तर ताण्याचा आणि बाण्याचा एकेक धागा पाकिटातून पोस्टाने पाठवते. गिऱ्हाइकाच्या हातात कोणता पडदा आहे हे मला माहीत नसतं, म्हणून काळ्या साडीखाली आता लिहिते: "गडद काळी, राखाडी छटा नाही."

ओएलईडीचेही दोष आहेत. उजेड कमी ठेवला की काळ्या साडीच्या चुण्या काळ्यातच बुडतात, तिथे नणंदेची एलसीडी जास्त दाखवते. आणि रात्री माझे डोळे दुखायला लागले. बरेच ओएलईडी पडदे उजेड कमी करण्यासाठी फार वेगाने उघडझाप करतात. काही फोनवर ती सेकंदाला २४० वेळा होते. डोळ्याला दिसत नाही, पण दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, मला होतो. सेटिंगमध्ये फ्लिकर कमी करण्याचा पर्याय सापडला, तो लावला की अंधुक उजेडात राखाडी भागावर हिरवट झाक येते. म्हणून तो फक्त रात्री ठेवते आणि रात्री रंगाबद्दल कुणालाच उत्तर देत नाही. "उद्या दहा वाजता खिडकीत बघून सांगते, ताई," एवढंच लिहिते.